डिस्चार्जनंतरचे चौदा महिने: साखर कारखान्यातल्या एका फिटरचे प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचे नाही. दारूवरचा उपचार संपल्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या कामगार घरांत जे पुन्हा पुन्हा घडते, ते एकत्र करून ते उभे केले आहे. म्हणून नाव-गाव नाही.

रुग्णमित्राचे, म्हणजे उपचार घेणाऱ्याचे, वय ४२. सहकारी साखर कारखान्यात मिल विभागात कायम फिटर. घरी पत्नी आणि पंधरा वर्षांचा मुलगा, शेजारच्या घरात थोरला भाऊ. पिणे चोविसाव्या वर्षी सुरू झाले. शेवटची सहा वर्षे रोज दोन क्वार्टर. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे रोजचे १२० ग्रॅमच्या वर. सकाळी हात थरथरायचे आणि एक घोट घेतल्याशिवाय पाना धरवत नसे. झटके कधी आले नव्हते, हृदयविकार नव्हता. यकृताच्या तपासण्या दाखल होताना दुपटीने वाढलेल्या होत्या, ३५ दिवसांचे निवासी उपचार संपेपर्यंत जवळपास नॉर्मलला आल्या.

याआधी दोनदा उपचार झाले होते. पहिल्यानंतर चाळीस दिवस टिकला, दुसऱ्यानंतर तीन महिने. घरच्यांचे मत ठरलेले होते: "याच्यात जिद्दच नाही." दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डे पाहिली तर औषधांखाली एकच ओळ आहे, 'नियमित फॉलोअपला येणे'. कधी, कुणाकडे, कोणत्या गाडीने यायचे आणि आला नाही तर कुणी काय करायचे, यातले काहीच नाही. जिद्दीचा विषय त्यानंतरचा.

पहिले तीन महिने सर्वांत निसरडे असतात, हे फार जुने निरीक्षण आहे. हंट आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दारू, सिगारेट आणि हेरॉइन सोडणाऱ्यांचे आलेख एकत्र मांडले, तेव्हा सोडलेले टिकवणाऱ्यांच्या प्रमाणाच्या तिन्ही रेषा पहिल्या ९० दिवसांत झपाट्याने खाली येतात आणि मग सपाट होत जातात, असे दिसले. आपल्याकडे मात्र सगळा पैसा आणि सगळी माणसे दाखल असण्याच्या काळावर खर्च होतात. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. त्या एकालाही व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकाबाहेर आल्यावर बहुधा फक्त एसटीचे तिकीट मिळते.

या खेपेस डिस्चार्ज मेच्या पहिल्या आठवड्यात झाला. आदल्या दिवशी समुपदेशक ताई, रुग्णमित्र, पत्नी आणि भाऊ दीड तास बसले आणि एक पान लिहिले. त्याच्या तीन प्रती केल्या. पहिली ओळ संमतीची होती: समुपदेशकाने गरज पडल्यास पत्नीला, भावाला आणि एएमधल्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा परस्पर-मदत गट) एका जुन्या सदस्याला फोन करायचा, कारखान्यात कुणालाही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित अवस्था येतात, त्यामुळे गोपनीयतेचा हक्क या रुग्णालाही आहे. ही ओळ आधी लिहून घेतली नाही तर ऐन वेळी समुपदेशकाला पत्नीशी मोकळेपणाने बोलता येत नाही, किंवा तो न विचारता बोलतो आणि रुग्णाचा विश्वास जातो.

संपर्काचा क्रम असा होता: ४८ तासांच्या आत फोन, सातव्या दिवशी पहिली भेट, आठ आठवडे दर बुधवारी, मग सहा महिन्यांपर्यंत पंधरवड्याला, पुढे महिन्याला. शिवाय आठवड्यातून तीन एए मिटिंगा.

औषध डायसल्फिराम, २५० मिलिग्रॅम, रोज एक. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर १० ते ३० मिनिटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. जास्त घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून ती रुग्णाला सगळे समजावून आणि त्याने स्वतः होकार देऊनच सुरू होते. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास जावे लागतात. यकृताची तपासणी सुरू करण्यापूर्वी आणि मग १०–१४ दिवसांनी करायची, पुढची डॉक्टर ठरवतील तशी. हृदयविकार, गंभीर यकृतविकार किंवा मनोविकृती असेल तर हे औषध देत नाहीत. अशांसाठी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन हे पर्याय आहेत, आणि त्यांतही यकृत आणि मूत्रपिंड पाहून निवड होते.

एक गोष्ट खडसावून सांगावी लागते, कारण गावोगावी तिच्या जाहिराती लागतात: 'न सांगता दारू सोडवा'. आमटीत गोळी कालवणे हा उपचार नाही. गोळीची कल्पना नसलेला माणूस त्या दिवशी नेहमीसारखा अड्ड्यावर जातो आणि तिथेच कोसळतो. वाचला तर घरातले अन्न संशयाने खातो.

या घरात पत्नी सकाळच्या चहाआधी गोळी पाण्यात विरघळवून देई आणि तो तिच्यासमोर पिई. खिशात ही गोळी चालू असल्याचे सांगणारे कार्ड होते. टाळायच्या वस्तूंची यादी फ्रिजवर लावली होती: अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधे, होमिओपॅथीचे अर्क, माउथवॉश, आणि घरोघरी निरुपद्रवी मानली जाणारी आसवे-अरिष्टे. द्राक्षासव किंवा दशमूलारिष्टात आंबवण्यातून साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार झालेले असते. दाढीनंतरचे लोशन आणि सॅनिटायझरबाबतही जपायला सांगितले होते. मेट्रोनिडाझोल नावाची जुलाबावरची गोळी यासोबत चालत नाही, हे गावातल्या डॉक्टरांच्या कानावर घातले होते.

कागदावर योजना चांगली होती. पहिला तडा तिसऱ्याच आठवड्यात गेला, तोही क्षुल्लक वाटावा असा. एएची मिटिंग तालुक्याच्या गावी, १४ किलोमीटरवर, संध्याकाळी सात ते साडेआठ. गावाकडची शेवटची एसटी आठ वाजता. पहिल्या दोन आठवड्यांत भावाने मोटारसायकलवरून आणले, मग भावाची पेरणीची घाई सुरू झाली. तीन मिटिंगांच्या दोन झाल्या, दोनाची एक. योजना लिहिताना कुणी एसटीचे वेळापत्रक पाहिले नव्हते. मुंबई-पुण्यात 'नव्वद दिवसांत नव्वद मिटिंगा' हा एएचा जुना सल्ला कष्टाने का होईना पाळता येतो, गावात तो सांगणे म्हणजे नापास होण्याची सोय करून देणे.

दुसरा तडा बुधवारचा. केंद्र जिल्ह्याच्या गावी, साठ किलोमीटरवर. बिगर हंगामात, म्हणजे उसाचे गाळप बंद असताना, कारखान्यात दुरुस्ती-देखभालीचे काम दिवसपाळीला चालते, म्हणजे प्रत्येक भेटीला एक रजा. आठपैकी सात बुधवार त्याने गाठले, आणि हे सातही पदरच्या रजेतून गेले. दहाव्या आठवड्याच्या भेटीला रजा मिळाली नाही. सहाव्या आठवड्यात दिलेल्या तीस गोळ्या त्याच आठवड्यात संपत होत्या. ७२व्या दिवशी शेवटची गोळी घेतली. पत्नीने विचारले तेव्हा, "आता बरा आहे की मी, पुढच्या भेटीला आणू." बाराव्या आठवड्याची भेटही चुकली. केंद्रातून फोन गेला नाही. पहिल्या चुकलेल्या भेटीनंतर नोंदवहीत 'पुढील वेळी येतील' अशी नोंद आहे.

आखाडाचा शेवटचा रविवार, ९०वा दिवस. मिलवरच्या चौघांनी नदीकाठी मटणाचा बेत केला होता. डायसल्फिरामचा परिणाम गोळी थांबवल्यावर सुमारे दोन आठवड्यांपर्यंत राहतो. शेवटच्या गोळीला अठरा दिवस झाले होते, आणि हे गणित त्याला पाठ होते. तो एक क्वार्टर प्यायला. सोमवारी कामावर गेला नाही आणि दोन क्वार्टर प्यायला. मंगळवारीही तसेच.

रविवारच्या एका क्वार्टरपासून मंगळवारपर्यंतचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे. ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली घसरण आणि पूर्ण पुनरावृत्ती यांत जो फरक केला तो नेमका इथला. पहिला घोट प्रसंगाने घडतो. दुसऱ्या दिवशीचा घोट त्या पहिल्या घोटाबद्दल मनात जे बोलणे चालते त्यातून घडतो: तीन महिने पाण्यात गेले, मी मुळातच असा, आता लपवून काय उपयोग. घरातले त्या दिवशी नेमके हेच बोलतात. सोमवारी सकाळी भावाने अंगणात उभे राहून सगळी आळी ऐकेल असे ते बोलून दाखवले.

मंगळवारी रात्री पत्नीने केंद्राला फोन केला. भावाचा आग्रह होता की गाडी घालून उचलून न्या आणि पुन्हा ३५ दिवस ठेवा. तसे केले नाही. आधी एवढेच पाहिले: किती दिवस प्यायला, शेवटचा घोट कधी, हात थरथरतात का, घाम, उलट्या, भास, ताप. जुन्या रुग्णात दोन-तीन दिवसांच्या पिण्यानेही शरीराची मागणी परत जागी होऊ शकते. अशा वेळी घरात कोंडून 'आता एक थेंब नाही' म्हणणे धोक्याचे. शेवटच्या घोटानंतर झटके साधारण ६ ते ४८ तासांत येतात, भ्रम-भास आणि बेभानपणा दोन ते चार दिवसांत. बुधवारी सकाळी त्याला उपजिल्हा रुग्णालयात नेले. तिथे चार दिवस लॉराझेपाम या शामक औषधाचा उतरता डोस आणि थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, दिले. थायमिन ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा निदान सोबत जायला हवे, उलट क्रमाने मेंदूला इजा होऊ शकते. नातेवाईकांनी 'हा रोज पिणारा आहे' हे अपघात विभागात पहिल्या वाक्यात सांगावे. लाजेखातर सांगितले जाते ते 'अशक्तपणा आहे, सलाईन लावा'.

पाचव्या दिवशी समुपदेशक ताईंनी त्याच्याकडून साखळी लिहून घेतली, पहिल्या घोटापासून मागे मागे. हे काम दोन बैठकांत झाले आणि सगळ्या चौदा महिन्यांत सर्वांत उपयोगी ठरले. घोटाच्या आधी: नदीकाठी ग्लास हातात देणारा म्हणाला, "एका घोटानं काय हुतंय." त्याआधी: घरून निघताना पत्नीला सांगितले की फक्त जेवायला जातोय. त्याआधी, शनिवारी: बेताची वर्गणी दिली, आणि वर्गणीत बाटल्याही होत्या हे माहीत होते. त्याआधीच्या आठवड्यात: ब्लॉक केलेला एक नंबर अनब्लॉक केला. त्याआधी: गोळी संपल्याचे मनातून बरे वाटले. त्याआधी: भेट चुकली आणि कुणी विचारले नाही, तेव्हा "मला कोण धरतंय" असे वाटले. आणि सगळ्याच्या मागे, जूनअखेर: मिटिंगा एकावर आल्या, झोप तुटायला लागली, पतसंस्थेच्या हप्त्याची नोटीस आली, ती त्याने उशीखाली ठेवली आणि बायकोशी आठवडाभर धड बोलला नाही.

साखळी पाहिली की कळते, रविवारी त्याला अडवणे जवळजवळ अशक्य होते. सहज अडवता आले असते ते दहाव्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळी, एका फोनने. चुकलेली भेट हीच घटना मानायची, घोट ही तिची उशिरा आलेली बातमी. पाठपुराव्याच्या कामात याहून मोठे गुपित नाही, आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच होत नाही, कारण आलेल्या रुग्णांत दिवस संपतो आणि न आलेल्यांची यादी करायला माणूस नसतो.

नवे पान जुन्यापेक्षा लहान होते. भेट चुकली तर त्याच संध्याकाळी सात वाजता त्याला फोन. उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पत्नीला. तरी पत्ता नाही तर तिसऱ्या दिवशी एएमधला जुना सदस्य घरी जाईल; भाऊ नाही, असे रुग्णानेच सांगितले. एकाआड एक भेट फोनवर, गुरुवारी संध्याकाळी, वीस मिनिटे. फोनवरची भेट म्हणजे 'कसं काय' नव्हे. प्रश्न ठरलेले: या आठवड्यात प्यावेसे कधी वाटले, गोळ्या किती उरल्या, झोप किती तास, मिटिंग किती, पुढच्या सात दिवसांत अवघड दिवस कोणता, त्या दिवशी कुठे असणार. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स मॅके यांच्या गटाने अशा बांधीव फोन-पाठपुराव्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. साठ किलोमीटर आणि एक रजा वाचत असेल तर तो प्रत्यक्ष भेटीला दुय्यम समजण्याचे कारण नाही.

गोळ्यांचा नियम: पाकिटात दहा उरल्या की नव्या आणायच्या. डायसल्फिराम पुन्हा सुरू करण्याआधी यकृत तपासले. मिटिंग रविवारी सकाळची धरली, तेव्हा एसटी असते. आठवड्यातली दुसरी ऑनलाइन, मोबाइलवर, शेताच्या बांधावर बसून.

पैशाचे सूत्र त्याने स्वतः सुचवले: पगार जोडखात्यात, हातात आठवड्याला पाचशे, दर दोन महिन्यांनी रक्कम वाढवायची. वाढ आधीच लिहिलेली असणे महत्त्वाचे. कर्त्या माणसाकडून सगळे पैसे काढून घेतले आणि परत कधी मिळणार ते सांगितले नाही, तर तो उसनवारीवर जातो, आणि गावात दारूला उधार नेहमीच मिळते. पतसंस्थेत जाऊन हप्ते फेरबांधणी करून घेतली. गुत्त्यावरची उधारी भावाने एकदाच जाऊन चुकती केली, म्हणजे तिकडे पाय वळवायला निमित्त उरले नाही.

अवघड दिवसांचे कॅलेंडर केले: गणपती विसर्जन, दसरा, दिवाळीचा बोनस, ३१ डिसेंबर, धुळवड, गावची जत्रा. प्रत्येकापुढे 'पिणार नाही' असे न लिहिता त्या दिवशी संध्याकाळी पाच ते अकरा कुठे आणि कुणासोबत, एवढेच लिहिले. विसर्जनाला तो मिरवणुकीत गेलाच नाही. तालुक्याच्या एए गटाने त्या रात्री मिटिंग ठेवली होती.

खरी कसोटी हंगामाची होती. बॉयलर अग्निप्रदीपन झाले, मोळी पडली आणि पाळ्या सुरू झाल्या. रात्रपाळीने झोप मोडते आणि झोप मोडली की ओढ वाढते. गावातल्या मेडिकलमधून कुणीतरी अल्प्राझोलाम या सवय लावणाऱ्या शामक गोळीची पट्टी आणून देऊ केली होती. दारू सुटलेल्या माणसाला ही गोळी म्हणजे त्याच दुकानाचा मागचा दरवाजा. डॉक्टरांनी सवय न लागणारे औषध थोडे दिवस दिले, आणि चहा पाळीच्या पहिल्या चार तासांतच घ्यायचा असे ठरले. डायसल्फिरामची वेळ घड्याळाऐवजी 'पाळीवरून आल्यावरच्या पहिल्या चहाला' बांधली, त्यामुळे पाळी बदलली तरी गोळी चुकली नाही. भूक हाही छुपा शत्रू आहे. डब्यात शेंगदाण्याचे लाडू असले तर पाळी सुटतानाची तलफ कमी होते.

कारखान्याला जोडून डिस्टिलरी आहे. तिथे पंप बिघडला की मिलचा फिटर पाठवतात. मळीचा आणि स्पिरिटचा वास, शिवाय 'थोडंसं' बाजूला काढणारे हात. डॉक्टरांनी 'आरोग्याच्या कारणास्तव या विभागात काम देऊ नये' असे प्रमाणपत्र दिले, आजाराचे नाव न लिहिता. मुकादमाने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही.

पत्नीबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत ती रोज त्याचे तोंड हुंगायची, खिसे तपासायची, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. योजनेने तिला पोलिसाचे काम दिले होते. नव्या पानात तिच्याकडे गोळी देणे एवढेच राहिले. संशय आला तर वाद न घालता केंद्राला फोन, बाकी चौकशी समुपदेशकाची. तिच्यासाठी अल्-अनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाची, फोन मिटिंग ठरवली. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे १९८६ पासून चालू आहे, पत्नींचा 'सहचरी' गट आहे. अशा गटात एकदा बसून आलेली बाई घरी वेगळ्या आवाजात बोलते. "आज घेतली नाहीत ना?" या प्रश्नाला खरे उत्तर येत नाही. "आज मिटिंगला कोण कोण आलं होतं?" याला येते.

धुळवडीला तो पुन्हा घसरला. त्या सुमारास पत्नी माहेरी आणि गोळ्या तिच्या कपाटात कुलपात, म्हणजे योजनेतले आणखी एक भोक. बारा दिवस गोळी नव्हती. त्याने अर्धी क्वार्टर घेतली, चेहरा लालभडक झाला, छाती धडधडू लागली. दोन तासांच्या आत त्याने स्वतः एएमधल्या सदस्याला फोन केला. त्या रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासत ठेवले, सकाळी घरी सोडले. पुढे पिणे झाले नाही. पहिल्या वेळी बातमी तिसऱ्या दिवशी आणि पत्नीकडून आली होती, या वेळी दोन तासांत आणि त्याच्याकडून. कोऱ्या दिवसांची मोजणी दोन्ही वेळा शून्यावर येते, म्हणून आमच्या मते केवळ त्या मोजणीवर प्रगती जोखणे चूक आहे. घसरण आणि कबुली यांच्यातले अंतर त्यासोबत लिहून ठेवावे.

चौदाव्या महिन्यात भेटी महिन्याला एक, रविवारची मिटिंग चालू, हातखर्च आठवड्याला दोन हजार. मुलगा अजून बापाशी कामापुरते बोलतो. त्याला बैठकीत ओढायचे नाही असे ठरले आहे, फक्त दहावीच्या फीची पावती बापाने स्वतः जाऊन आणावी. अपरात्री ओढ आली आणि कुणी उचलले नाही तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा क्रमांक त्याच्या फोनमध्ये 'अ' अक्षराने साठवले आहेत, म्हणजे यादीत आधी दिसतात. डायसल्फिराम थांबवण्याचा विषय त्याने काढला होता. तारीख हंगाम सुरू होतानाची नको, आखाडातली नको, पत्नी गावाला असतानाची नको, म्हणून दिवाळीनंतर गळीत सुरळीत चालू झाल्यावरची धरली आहे. थांबवल्यानंतरचे सहा आठवडे पुन्हा दर आठवड्याला फोन होईल, आणि तोपर्यंत गोळ्यांच्या दोन पट्ट्या राहतील, एक घरात आणि एक भावाकडे.